क्लाउडच्या बाई

निरोप पोहोचला की आमच्या दादाला काम झाल्यासारखं वाटतं. आईचा वाढदिवस असला की तो मेसेज टाकतो, पोहोचल्याची खूण बघतो आणि फोन खिशात घालतो. तिने तो वाचला का, तिला काय वाटलं, असल्या फंदात पडत नाही. मी धाकटी बहीण, त्यामुळे यावरून त्याला टोचण्याचा माझा हक्कच आहे आणि तो मी बजावते.

पोटापाण्यासाठीही तो हेच करतो. एका रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्यांची थंड कपाटं आहेत. दार उघडं राहिलं तर आतलं रक्त टाकून द्यावं लागतं. म्हणून दादाने एक प्रोग्रॅम लिहिला. दार उघडलं, लागलं, गारवा कमी झाला, जे काही होईल त्याची ओळीने नोंद होते. तिला ही प्रोग्रॅमवाली मंडळी लॉग म्हणतात. त्यातली काळजीची ओळ क्लाउडवरच्या एका निरोप देणाऱ्या सेवेकडे जाते आणि तिथून ठरलेल्या फोनवर मेसेज येतो. हे क्लाउड नक्की असतं कुठे, असं मी त्याला कितीदा तरी विचारलंय. दर वेळी तो नवीनच काहीतरी सांगतो.

एकदा रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टरबाईंनी त्याला बोलावून घेतलं. जुना लॉग चाळताना त्यांना दिसलं होतं, की दुपारी जेवणाच्या सुट्टीत एका कपाटाचं दार बऱ्याचदा उघडं राहतं. मेसेज आल्यावर तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. दादाला तर एकही मेसेज आला नव्हता. मेसेज नाही म्हणजे सगळं आलबेल, असं धरून स्वारी निवांत होती. बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, की हे मेसेज जातात कुठे ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर उद्यापासून हे काम दुसरं कुणीतरी बघेल.

दादाची भंबेरी उडाली. सेवेच्या पानावर एकेका मेसेजपुढे ‘पोहोचला’ असं लिहिलेलं. त्याने चाचणीचा मेसेज पाठवला. पोहोचला. खिशातला फोन गप्प. पुन्हा पाठवला, पुन्हा पोहोचला, फोन गप्पच. त्याने फोन बंद करून चालू केला, खिडकीपाशी नेला, मग मला फोन करून विचारलं, ‘माझा फोन चालू आहे ना?’ त्यावरूनच तर बोलतोयस, म्हटलं. नोंदवलेला नंबर त्याने तपासला. तो त्याचाच होता, तोंडपाठ असलेला, त्यामुळे त्यात खोट काढावीशी वाटेना.

त्याहून विचित्र म्हणजे, लॉगमध्ये ‘दार उघडे’ या ओळीनंतर थोड्याच वेळात ‘दार बंद’ अशी ओळ होती. एकदा नव्हे, दर वेळी. निरोप कुणालाच मिळत नव्हता आणि कुणीतरी जाऊन दार लावत होतं. दादाचं डोकं चालेनासं झालं.

शेवटी तो रक्तपेढीच्या वॉचमनकडे गेला. वॉचमन सहज म्हणाला, “मीच लावतो की. तुमच्या क्लाउडच्या बाईंचा फोन येतो.”

क्लाउडला बाई नसतात, हे दादाने त्याला समजावून सांगायला घेतलं. वॉचमनला ते मुळीच पटेना. बाई आहेत, दार लावा म्हणतात, लावलं का म्हणून परत फोन करतात, आणि एकदा चहा संपवून जातो म्हटलं तर चांगल्याच उखडल्या होत्या. त्याने फोन पुढे केला. बाईंच्या फोनपुढे दादाचंच नाव होतं.

“तुमच्याच नंबरवरून येतो ना साहेब. मला वाटलं, तुम्हीच नेमल्यात.”

तेव्हा कुठे दादाच्या डोक्यात प्रकाश पडला. ऑफिसने नवा नंबर दिला तेव्हा जुना फोन त्याने सिमकार्डासकट आईला देऊन टाकला होता. पाठ होता तो हा जुना नंबर, आणि सेवेत नोंदवलेलाही तोच. त्याने तिथूनच आईला फोन लावला.

“दार लागलं का?” आईने आधी हेच विचारलं.

मला कधी सांगितलं नाहीस, असं दादा म्हणाला.

“सांगायचं काय त्यात? फोन देताना तूच म्हणालास, यावर कामाचे मेसेज येतात, लक्ष ठेव. ठेवते मी. वॉचमनचा नंबर आतच होता. आज मात्र ‘चाचणी, दुर्लक्ष करा’ असं सारखं येतंय. केलं दुर्लक्ष.” मग म्हणाली, “काहीतरी सोपवलंस म्हणून बरं वाटलं रे. एरवी तुझा फोन कुठे येतो?”

लक्ष ठेव म्हणजे तसले मेसेज आले की पुसून टाक, असं त्याला म्हणायचं होतं आणि ते राहून गेलं होतं, हे दादाने तिला सांगितलं नाही. आयुष्यात एकदा शहाण्यासारखा वागला. डॉक्टरबाईंना त्याने सगळं खरं सांगितलं. त्यांनी त्याचा नवा नंबर घालून घेतला आणि जुन्याला हात लावू नका म्हणाल्या.

मग एका दुपारी दादाच्या फोनवर पहिल्यांदा मेसेज वाजला. दार उघडे. त्याने लगबगीने वॉचमनला फोन लावला. तो दुसऱ्या फोनवर बोलत होता. परत लावला, तेच. मग त्याने आईला लावला. तीही बोलतच होती. बऱ्याच वेळाने तिचा फोन लागला.

“लावलं दार,” आई म्हणाली. “तू कशाला फोन केलास?”



“असाच केला,” तो म्हणाला.

आईने हे मला त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी परत सांगितलं.