तळ्याला एकशे दोन ताप

लग्न होऊन मी कांजूरमार्गला आले आणि पवईच्या तळ्याच्या प्रेमात पडले. नवऱ्याच्याही पडले होतेच, पण तो तीन पाळ्यांत काम करायचा, सापडायचा नाही. तळं रोज सापडायचं. मी मरोळच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि माझी बस जाता-येता तळ्याच्या काठाने जायची. मी सोलापूरकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे घागर, रांग आणि भांडण. इथे एवढं पाणी नुसतं पसरलेलं आणि त्यापुढे एकही घागर नाही! पहिल्या महिन्यात दोनदा माझा स्टॉप चुकला, तो त्या पाण्याकडे बघता बघता.

माझे सासरे, म्हणजे आबा, दर रविवारी त्या तळ्यावर गरवायला जायचे. गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं, हे मला घरात आल्यावर कळलं. आबा मूळचे मालवणकडचे. पंचवीस वर्षं गिरणीत सूत काढायच्या खात्यात होते. संपात गिरणी गेली, तेव्हापासून एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले होते. आठवडाभर ते घरात चार वाक्यं बोलायचे. शनिवारी संध्याकाळी मात्र अंगात वारं शिरायचं. भाजलेलं बेसन, शिळा पाव, ओवा, खस आणि आणखी काय काय कुटून ते आमिषाचा गोळा मळायचे. उन्हाळ्यात आंबवलेला, थंडीत सुगंधी. लग्नानंतरच्या दुसऱ्याच शनिवारी मी त्या गोळ्याची भजी तळायला घेतली होती. सासूबाईंनी झारा हिसकावला म्हणून माझं सौभाग्य शाबूत राहिलं.

मला ती काठी धरायची होती. दुसरं काही नको. साडी नको, सिनेमा नको, माथेरान नको. ती बांबूची लांब काठी हातात घ्यावी, पाण्यावर दोरा टाकावा आणि खालून कोणीतरी ओढावं, एवढंच. पण आबांच्या काठीला दुसऱ्याचा हात लागलेला चालायचा नाही. त्यांचा मुलगासुद्धा ती भिंतीवरून काढायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “घाटावरच्यांका मासो ताटात दिसता, पाण्यात नाय.” आणि पुढचे सहा दिवस पुन्हा चार वाक्यं.

तळ्यावर मात्र आबांचा मोठा मान होता, आणि तो थर्मामीटरमुळे. गिरणीत त्यांच्या खात्यातल्या भिंतीवर थर्मामीटर टांगलेला असायचा. हवा कोरडी झाली, ऊन वाढलं, की सूत तुटायचं. त्यामुळे पारा बघून साहेब हुकूम सोडायचा आणि अख्खं खातं हलायचं. त्या थर्मामीटरला हात लावायची आबांना पंचवीस वर्षांत कधी मुभा मिळाली नाही. तळ्यावर त्यांनी ती हौस भागवून घेतली. त्यांचं म्हणणं असं, “माशाक आंगची ऊब नसता. पाणी जसा, तसो मासो.” पाणी गार पडलं की मासा खाली जाऊन सुस्त पडतो, खाणं विसरतो. पाणी ऊबदार झालं की त्याला भूक लागते, तो काठाला येतो. फार तापलं की त्याचा जीव कासावीस होतो आणि तो पुन्हा खोल जातो. हे सगळं अगदी बरोबर होतं. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

चूक फक्त थर्मामीटरमध्ये होती. तो आमच्या घरातला ताप बघायचा थर्मामीटर होता.

हे मला कळलं त्याच वर्षी गणपतीनंतर. मला गुरुवारी हिवताप भरला. सासूबाईंनी थर्मामीटर झटकून माझ्या काखेत खुपसला, उजेडात तिरका धरला आणि म्हणाल्या, “एकशे दोन पॉइंट चार.” मग तो डबीत घालून कपाटात ठेवला. शुक्रवारी घाम येऊन ताप उतरला, तेव्हा त्यांनी नुसता हात लावून पाहिला. रविवारी मी हट्ट धरला, की मला मोकळी हवा हवी आहे, मी आबांबरोबर तळ्यावर येते. आजारी सुनेला नाही कसं म्हणणार? आबांनी माझ्या हातात डबा दिला आणि काठी आपल्या खांद्यावर घेतली.

काठावर आठ-दहा जण ठरलेल्या जागी बसले होते. आबांना बघून मरोळ गावठाणातले एक गोल टोपीवाले काका ओरडले, “डॉक्टर आले! काय रे, आज पाणी किती?” आबांनी काठी खाली ठेवली. त्यांनी खिशातून डबी काढली, थर्मामीटरला दोरा बांधला आणि तो हळूच पाण्यात सोडला. पाच मिनिटं सगळ्यांच्या नजरा त्या दोऱ्यावर. मग त्यांनी तो वर काढला, सदऱ्याला पुसला, उजेडात तिरका धरला आणि जाहीर केलं, “एकशे दोन पॉइंट चार.”

मी डबा खाली ठेवला.

“पाण्याक ताप इलो हा,” आबा म्हणाले. “मासो वर नाय येवचो. गरी खाली सोडा.” आणि त्या आठ-दहा कर्त्यासवरत्या माणसांनी भराभरा दोरे सोडले, आपापले गळ चार-चार हात खाली नेले, माझ्या तापाप्रमाणे!

मी प्रयोगशाळेत दिवसभर थर्मामीटरच धुवायचे. तापाच्या थर्मामीटरमधला पारा चढतो, पण झटकल्याशिवाय उतरत नाही, हे मला झोपेतही माहीत होतं. शिवाय तो चौऱ्याण्णवच्या खाली जातच नाही, आणि आपल्याकडचं तळं भर मे महिन्यातही नव्वद गाठत नाही. म्हणजे तीन वर्षं आबा पाण्यात थर्मामीटर बुडवत होते आणि घरात शेवटी आजारी पडलेल्या माणसाचा ताप वाचत होते. पावसाळ्यात पाणी तापतं हा त्यांचा तळ्यावर गाजलेला शोध होता. तापणारच! पावसाळ्यात आमचं घर आणि शेजारची दोन घरं हिवतापाने फणफणायची आणि सगळ्यांना मिळून थर्मामीटर एकच.

मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. मी पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. टोपीवाले काका बघायला लागले. आबांचा चेहरा काळवंडला.

“काय गो, हसतंस कित्याक?”

सांगणार काय? नवी सून, चारचौघांत, सासऱ्यांना? मी म्हटलं, “काही नाही आबा, असंच.” आणि ‘असंच’ म्हणताना पुन्हा फिस्सकन हसले. घरी जाताना बसमध्ये ते माझ्यापासून दोन बाकं पुढे बसले. घरात शिरताच सासूबाईंना सांगितलं, “हिका परत आणूचंय नाय.” मग पाण्याचा आकडा सांगितला. सासूबाई कोलंबी सोलत म्हणाल्या, “मगे तळ्याक कोयनेलची गोळी द्या.” मी मोरीत जाऊन नळ सोडून हसले.

पण दार बंद झालं ते झालंच. दोन दिवसांनी हसू ओसरलं आणि मला भयंकर वाईट वाटलं. ज्या माणसाकडून मला काठी हवी होती, त्यालाच मी लोकांसमोर हसले होते. सांगावं तर त्यांचा तळ्यावरचा मान जाणार. न सांगावं तर मी आयुष्यभर डबे भरणार. तापट माणसाला गप्प बसायची शिक्षा फार जड जाते आणि मी तर जन्माची तापट.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि आबांना मासा लागेनासा झाला. पाच रविवार ते रिकाम्या हाताने आले. थर्मामीटर मधल्या काळात शेजारच्या पोराच्या काखेत जाऊन शंभरवर येऊन बसला होता, त्यामुळे तळ्याचा ताप उतरत चालला आहे असं आबांचं म्हणणं होतं. मासा का खात नाही, हे मात्र त्यांना कळेना. घरात आता चाराची दोन वाक्यं झाली.

मी आमच्या साहेबांकडून एक जुना, आकडे पुसट झालेला प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून घेतला आणि संध्याकाळी येताना पवईला उतरायला लागले. रविवार सोडून कोणीच नसायचं. एका बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळा दोरा लावायचा, बाटली खोल सोडायची आणि मग बूच ओढायचं, की खालचं पाणी भरून वर येतं. ही युक्ती आमच्या कंपनीतल्या टाक्यांचं पाणी तपासायची. साडी खोचून, चपला हातात घेऊन मी चिखलात उभी राहून तळ्याचा ताप बघत होते. एकदा ओळखीच्या कंडक्टरने खिडकीतून विचारलं, “काय मॅडम, काय हरवलं काय?” मी म्हटलं, “मासे!” कधी कामावर जाताना सकाळी उतरायचे, सुट्टीच्या दिवशी दुपारीही दोन-तीनदा गेले. महिनाभरात एक गोष्ट पक्की कळली. सकाळी तळं सगळीकडे सारखंच गार असायचं. पण पाणवनस्पतींच्या पलीकडे एक उथळ कोपरा होता. तिथे गुडघाभर पाण्यावर दिवसभर ऊन पडायचं आणि दुपारी तीनला तो कोपरा खोल पाण्याहून चार अंशांनी ऊबदार व्हायचा. आबा आणि मंडळी पहाटे यायची आणि बाराला उठून जेवायला घरी जायची. म्हणजे मासे जेवायला बसायच्या वेळी ही सगळी घरी जेवत होती.

जानेवारीत सासूबाई गावच्या जत्रेला गेल्या. शनिवारी आबा आमिष मळत होते. मी पातेलं घासता घासता म्हटलं, “आबा, तुमचे मासे कुठे आहेत ते मला माहीत आहे.”

त्यांनी मळणं थांबवलं. “तू माका मासो दाखवतलंस?”

“दुपारी तीन वाजता.”

त्यांनी गोळा पुन्हा मळायला घेतला. पण रविवारी पहाटे उठलेच नाहीत. दुपारी दीडला चपला घातल्या आणि दारात उभे राहिले.

कोपऱ्यात आम्ही दोघंच होतो. आबांनी आमिष लावलं, दोरा टाकला, काठी दोन दगडांच्या बेचक्यात टेकवली. मग आपली डबी काढली. मी माझा थर्मामीटर काढला. दोघांनी शेजारी शेजारी बुडवले.

“शंभर,” आबा म्हणाले.

“सव्वीस,” मी म्हटलं. “तुमच्या मोजणीत एकोणऐंशी.”

“तुझो मोडलो हा.”

“तुमचा झटकलेला नाही!” मी ओरडले. चार महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. “आबा, हा तापाचा आहे हो. झटकल्याशिवाय उतरत नाही. हे शंभर शेजारच्या पोराचे आहेत.”

आबा थर्मामीटरकडे बघत राहिले. त्यांनी तो हळूच झटकला. पुन्हा झटकला. पारा खाली गेला. पुन्हा पाण्यात बुडवला, पुष्कळ वेळ ठेवला, वर काढला. पारा खालीच. आपण काय केलं हे मला आत्ता कळत होतं. गिरणी गेल्यावर या माणसाला जी एक गोष्ट उरली होती, ती मी मोडून टाकली होती.

“मगे ता एकशे दोन पॉइंट चार?” त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

“माझा ताप, आबा.”

“तुझो?”

“मला हिवताप होता ना? गुरुवारी. आईंनी बघितला होता.”

“आनि मे म्हयन्यात एकशे आठ इलो तो? मासे शिजतत म्हणान मी सगळ्यांका घराक धाडलंय.”

“थर्मामीटर उन्हात ठेवला होतात का?”

आबांनी आठवलं. “खडपार,” म्हणाले आणि शेजारच्या दगडावर थाप मारली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ते रडताहेत, मी घाबरून त्यांचा दंड धरला. तेवढ्यात त्यांच्या घशातून असा काही आवाज आला, की पाणवनस्पतींतले बगळे उडाले. आबा हसत होते! “टोपीवालो,” ते म्हणाले, “टोपीवाल्यान तुझो ताप बघून चार हात गरी सोडलेली!” आणि त्यांना पुढे बोलवेना. मलाही श्वास घेता येईना. आम्ही सासरा आणि सून, चिखलात बसून, एकमेकांच्या खांद्यावर डोकं आपटत हसत होतो. वर्षभरात ते माझ्याशी जेवढं बोलले नव्हते, तेवढं हसले.

आणि त्याच वेळी काठी उडाली.

दगडांतून निसटून ती सरळ पाण्यात निघाली, कोणीतरी बोट धरून नेल्यासारखी. आबा उठायला गेले. गुडघ्याने दगा दिला, बसकण मारली. मी काठापासून दोन पावलांवर होते, पण माझा हात पुढे होईना. त्या काठीला हात लावायचा नाही, हे अंगात इतकं मुरलं होतं.

“धर गो!” आबा ओरडले. “धर! बघतंस काय?”

मी साडीसकट पाण्यात उडी घेतली. काठी हाताला लागली आणि दुसऱ्या टोकाने मला असा हिसका दिला, की मी कमरेपर्यंत आत गेले. तिकडे कोणीतरी होतं. जिवंत, जड आणि माझ्यासारखंच हट्टी. मी किंचाळत होते, हसत होते, नाकात पाणी गेलं होतं. मागून आबा बसल्या जागेवरून सांगत होते, “सैल सोड! आता वढ. वढू नको गो, सोड! आता वढ!” तो रोहू उथळात आला, शेपटीने माझ्या तोंडावर चिखल उडवला आणि मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून काठावर आणून टाकला. अडीच किलो तरी असेल. आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत होते.

मी काठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी गळाला नवं आमिष लावलं, दोरा सोडवला, आणि म्हणाले, “टाक परत. तीनच वाजलेत.”