गिअरबॉक्स माझ्या हातून गेला

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. गेल्या महिन्यात भोकरला एका बाईला सांगितलं — ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्यांना — आणि आता तुम्हाला सांगतेय.

तुम्ही मला ओळखत असाल, तर गाडी चालवणारी बाई म्हणूनच ओळखत असाल. लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आजही तसंच म्हणतात. आमचे हे गेल्यावर डाळमिल मी चालवली. उदगीर, निलंगा, देगलूर — तूर बघायला माझी मी गेले. दुखणं असो, लेकीचं बाळंतपण असो, गाडीसाठी कुणाची वाट बघावी लागली नाही. लोक म्हणतात, बाई धाडसाची. धाडस? ऐका.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शहरात नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले. पण पावसानं सलग दोन वर्षं दगा दिला आणि नळ कोरडे पडले. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक अँबॅसिडर घेतली होती. जुनी, पण नव्यासारखी ठेवलेली. ती ठेवायचे दिगंबरकाका. भोकरकडचे, पन्नाशीचे ड्रायव्हर. बोलणं कमी. गाडीत बसायच्या आधी चपला झटकायचे.

दर सोमवारी ते मला महादेवाला न्यायचे. देऊळ गावाबाहेर, तळ्याच्या काठी. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे मी एकटीच. तळं तर आटूनच गेलेलं, तळाला भेगा. एका सोमवारी दर्शन करून आले आणि म्हटलं, काका, मला शिकवा.

त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या सोमवारीही नाही. तिसऱ्या सोमवारी म्हणाले, "वैनी, नोकरी जाईल माझी."

मी म्हटलं, "काही झालं तर मी सांगेन, मीच हट्ट धरला म्हणून. तुमच्यावर येऊ देणार नाही."

हे मी म्हटलं होतं. महादेवाच्या दारात उभं राहून.

मग ते शिकवू लागले. कोरड्या तळ्यात, मैदानासारख्या त्या जमिनीवर. आधी गाडी बंद ठेवून नुसते पाय. मग नुसता क्लच. ते बाहेर उभे राहायचे, हातानं खूण करायचे — हळू, हळू, आता सोडा. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ होता. मी पहिला टाकायची आणि कर्रकन आवाज यायचा. काका दातओठ खायचे, पण मला एक शब्द बोलायचे नाहीत. ज्या दिवशी गाडी न थांबता तळ्याचा पूर्ण फेरा मारला, त्या दिवशी मी रडले. का, ते आज सांगता येईल. तोवर आयुष्यात मी कुठलीही गोष्ट माझ्या मनानं वळवली नव्हती.

आठव्या सोमवारी दगड लागला. जमिनीत रुतलेला, मला दिसलाच नाही. खालून ठाणकन आवाज. काका खाली वाकून बघून आले. गिअरबॉक्सचं तेल काढायचा जो बोल्ट असतो, त्यावर घाव बसला होता, तेल ठिबकत होतं. त्यांनी अंगाच्या साबणाची वडी मळून भोवती लावली. म्हणाले, "आजच मिस्त्रीला दाखवू."

मी नको म्हटलं.

मिस्त्री विचारणार, दगड कुठं लागला. मग तळं निघणार, मग मी. थोडे दिवस जाऊ द्या, असं मीच म्हटलं. काकांनी वरून तेल भरलं, रोज साबण लावला. बोल्टाचे आटेच गेले होते, ते काय टिकणार? तिसऱ्या आठवड्यात गाडी ओरडू लागली. काका मला म्हणाले, "वैनी, गिअरबॉक्स रडून राहिला. आता तरी सांगू द्या." मी म्हटलं, अजून चार दिवस. घरात कार्य होतं. चार दिवस कसले — दुसऱ्याच दिवशी मामंजी किल्लारीला निघाले आणि औशाच्या पुढं गाडी बसली.

रशीदमिस्त्री घरीच आले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. गाडी जागेवर चालू केली तर आत घरघर. क्लच दाबला की गप्प. मग कशीबशी गल्लीतून मोठ्या रस्त्यावर नेऊन आणली. परत येऊन मिस्त्री म्हणाले, "पहिल्या तिन्ही गिअरात बोंबलती, टॉपला गप. इंजिन चांगलं हाय मालक, गिअरबॉक्स गेला." बोल्ट काढला तर वाटीभर तेल निघालं, काळं, आणि त्यात लोखंडाचा चमचमणारा चुरा. मिस्त्रींनी बोल्ट उन्हात धरला. "ह्याला दगड लागलाय. ताजा न्हाई, पंधरा-वीस दिस झाले. रानात-बिनात घातली होती का गाडी?"

सगळे काकांकडे बघू लागले.

काका म्हणाले, "माझ्या हातून लागला."

"कुठं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

काका गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, तरी गप्प. खोटं बोलायचं तर जागा सांगावी लागते, आणि त्यांना तीही सुचली नाही. त्या दुष्काळात ड्रायव्हर लोक मालकाच्या गाड्यांमधून चोरून भाड्यानं माणसं न्यायचे, पाण्याची पिंपं न्यायचे. ह्यांच्या मनात तेच आलं. ते आत आले, मला विचारलं, "सोमवारी तू देवळात असतीस, तवा हा गाडी घेऊन जातो का कुठं?"

इथं मी बोलायला हवं होतं. नुसतं गप्प राहिले असते, तरी आज मान थोडी वर करता आली असती. पण मी बोलले. मी म्हटलं, "जात असतील. मी आत असते."

एवढंच. लोट्यातलं पाणी पिऊन ते बाहेर गेले.

मला भीती कशाची होती? एकटी सून, परका माणूस, गावाबाहेरचं तळं — लोक काय म्हणतील, ही भीती खरी होती. पण हे कोपिष्ट नव्हते. दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी हसले असते. मला तेव्हाही हे ठाऊक होतं. म्हणजे दोन दिवसांचा अबोला चुकवायला मी एका माणसाची अब्रू दिली.

मामंजींनी निवाडा केला: ज्यानं मोडलं त्यानंच शोधून आणावं, आणि मग जावं. नवा गिअरबॉक्स लवकर मिळणार नव्हता, जुनाच बघायचा होता. नांदेडला मोडलेल्या गाड्यांचा बाजार काकांच्या ओळखीचा. ह्यांच्याबरोबर मीही गेले — माझी बहीण नांदेडला असते, हे निमित्त. खरं तर मला वाटलं होतं, वाटेत सांगून टाकीन.

काकांच्या खांद्याला कापडी पिशवी होती, तिच्यात आमच्या गाडीची क्लचप्लेट. जिथं गिअरबॉक्स दिसेल तिथं ते पिशवीतून प्लेट काढायचे आणि त्याच्या दांड्यावर बसवून बघायचे. पहिल्याच्या खाचाच जुळेनात. दुसऱ्यावर प्लेट अलगद बसली, दुकानदार खूश, पण काका म्हणाले, "ह्याचा गिअरचा दांडा खालून येतो, आपला वरून, स्टिअरिंगपासनं. न्हाई चालायचं." तिसऱ्याचं तेल बोटांवर चोळून बघितलं, बोटं पुसली आणि पुढं निघाले. दोन दिवस उन्हात हेच. जी गाडी पुन्हा आपल्या हाती लागणार नाही, तिच्यासाठी कुणी एवढं बघतं का?

शेवटी भोकरला सापडला, त्यांच्याच गावात. एका गॅरेजामागं जुनी अँबॅसिडर खोलून ठेवली होती. काकांनी गिअरबॉक्स पालथा करून बघितला, हातानं फिरवला, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक त्याला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला. बराच वेळ. मग पहिल्यांदाच हसले. "ह्यो बोलत न्हाई."

हे व्यवहार करायला आत गेले. आम्ही दोघंच बाहेर. मी म्हटलं, "काका, मी आज सांगते त्यांना."

ते प्लेट पिशवीत ठेवत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी. मला गाडी कुठंबी मिळंल. तुमचा हात बसला हाय, तेवढा मोडू नका. क्लच सोडताना घाई करता, तेवढंच."

आणि मी — मला हायसं वाटलं. हेच सगळ्यांत वाईट. मला खरोखर हायसं वाटलं.

गिअरबॉक्स बसला आणि दुसऱ्या दिवशी काका गेले. लातुरात त्यांना कुणी ठेवलं नाही. चोरून भाडं मारतो, असं मोंढ्यात पसरलं होतं. चार वर्षांनी मी ह्यांना म्हटलं, मला गाडी शिकायची आहे. त्यांनी हसत शिकवायला घेतलं आणि मी दोन दिवसांत चालवू लागले. सगळं घर कौतुक करत होतं: बघा, उपजतच हात हाय. मी ते कौतुकही घेतलं.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः गाडी चालवत भोकरला गेले. हे तेव्हा होते, पण एकटीच गेले. काका पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून राहिले होते, आता थकून घरी बसलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला. त्यांची बायको सुभद्राबाई चहा घेऊन आल्या आणि माझ्यापुढं हात जोडून म्हणाल्या, "आमच्या माणसानं तुमच्या गाडीत खोटं काम केलं, तरी तुमी दारात आलाव. लई मोठं मन हाय तुमचं."

घरात, बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं! मी काकांकडे बघितलं. ते चहा पीत होते. मी माझा चहा प्याले, आणि ते मोठं मन पदरात घेऊन परत आले.

काका वारले. हेही वारले. ज्यांची भीती होती, त्यांतलं कुणी उरलं नाही. आणि मी आज ज्या जिण्यासाठी रोज देवापुढं दिवा लावते — माझी मिल, माझा रस्ता, माझ्या मनानं केलेलं येणं-जाणं — ते मला देवानं दिलं की दिगंबरकाकांनी? दिवा लावताना मी त्यांचंच नाव घेते. तेही मनातल्या मनात.

गेल्या महिन्यात गेले भोकरला. सुभद्राबाई आता वाकल्यात, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. तळं, दगड, साबण, मी काय म्हटलं ते. मध्ये थांबले नाही. माफ करा असंही म्हटलं नाही, कारण त्यावर त्यांना काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी त्यांला मरूस्तोवर टोचून बोलले. मालकाची गाडी चोरून चालवली म्हणून. एकदाबी न्हाई म्हणले न्हाईत."



मग त्यांनी विचारलं, "शिकवताना तुमच्यावर वरडायचे का?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

"घरात लई वरडायचे," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.