जाड पावडर आत न्यायची नाही

आमच्या गाळ्याचा नियम एकच होता आणि तो सरांनी स्वतःच्या हातानं, काळ्या मार्करनं आतल्या दारावर लिहिला होता : जाड पावडर आत न्यायची नाही. खाली दोन रेघा. नियम मोडणारा त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजणार, असं त्याखाली लाईनमननं बारीक अक्षरात लिहिलेलं. चार वर्षांत चहा पाजायची वेळ कुणावर आली नव्हती.

धाराशिवात एका बंद तेलगिरणीच्या मागं हा गाळा आम्ही चौघांनी भाड्यानं घेतला होता. दुर्बिणीसाठी आरसे घासायला. शेजारचा वेल्डिंगवाला आम्हाला "काचवाले" म्हणायचा आणि अधूनमधून खिडकी बसवायला काच कापून मागायचा. आम्ही चौघं म्हणजे सर, जे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. फोटो स्टुडिओवाले काका. वीज मंडळातला लाईनमन. आणि मी, एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक. रविवार पूर्ण आणि इतर दिवशी ज्याला जसं जमेल तसं.

काम सांगायला सोपं आहे. पिंपावर एक जाड गोल काच ठेवायची, तिच्यावर दुसरी. मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पावडर. वरची काच पुढं-मागं ढकलायची आणि ढकलता ढकलता पिंपाभोवती फिरायचं. अशानं वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. सुरुवात ऐंशी नंबरच्या पावडरनं, ती रव्यासारखी जाड. मग एकेक बारीक नंबर, शेवटी मैद्यासारखी. त्यानंतर पॉलिश. पॉलिशला खालच्या काचेवर राळेचा थर ओततात आणि गुलाबी पावडर वापरतात. या मऊ राळेत जाड पावडरचा एक कण जरी रुतला, तरी तो निघत नाही. तिथं बसून प्रत्येक फेऱ्याला काचेवर रेघ मारतो. म्हणून बाहेरच्या खोलीत घासायचं आणि आतल्या खोलीत पॉलिश करायचं. आत जाताना चपला बाहेर, पाय धुवायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि खुंटीवरचा आपापला धुतलेला शर्ट घालायचा. लाईनमन म्हणायचा, "तुळजापूरच्या गाभाऱ्यातबी एवढं सोवळं न्हाय राव."

माझी काच आठ इंची होती. दिवाळीत घासायला घेतली, संक्रांतीनंतर पॉलिशला आली. जेमतेम दोन रविवारचं काम राहिलं होतं.

सरांबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बारावीनंतर मी आयटीआयचा फॉर्म भरून आलो होतो. सरांनी मला कॉलेजच्या जिन्यात गाठून तो मागं घ्यायला लावला. "तुला फिजिक्स येतंय, मग इकडं तिकडं काय बघतोस?" एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बी.एस्सी.चा अर्ज स्वतः भरून दिला. वसतिगृहात जागा मिळेना, तर वॉर्डनशी भांडले. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर पुढं जे झालं ते इतकं लागलं नसतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी अण्णा, म्हणजे माझे वडील, सातबारा काढायला शहरात आले होते. आमचं गाव येडशीच्या पलीकडं. काम लवकर झालं, बसला दोन तास होते. मी म्हणालो, चला, गाळा दाखवतो. इतकी वर्षं "रविवारी तू करतोस तरी काय?" असं विचारायचे. गाळ्याच्या दारात नळ नाही, कॅन असतो. त्यांनी चपला काढल्या, धोतर वर धरलं आणि मी कॅननं त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. टाचांना काळी माती होती, ती त्यांनी एका पायानं दुसरा पाय घासून काढली. मग टॉवेलनं पुसले. माझा शर्ट मात्र त्यांच्या मापात बसेना म्हणून लाईनमनचा घातला. आत आले, हात मागं बांधून उभे राहिले. मी काच उचलून तिच्यावर बल्बचं प्रतिबिंब दाखवलं. ते म्हणाले, "ह्यात चंद्र दिसंल?"

"दिसेल. खड्डे दिसतील त्याच्यावरचे."

"खड्डे तर आपल्या रस्त्यावरबी दिसत्यात की," म्हणाले आणि स्वतःच हसले. काचेला बोटसुद्धा लावलं नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी पॉलिश करायला लागलो. अर्ध्या तासानं हाताला काहीतरी वेगळं जाणवलं. कुरकुर नव्हती, पण जे मऊ सरकत होतं त्यात कुठंतरी अडकल्यासारखं. काच उचलून धुतली, उजेडाला धरली. मधोमध बाकदार रेघा, एकीशेजारी एक, सगळ्या सारख्या. कुणी कंपास धरून काढाव्यात तशा. मी खाली बसलो.

सर, काका, लाईनमन, तिघंही आले. सरांनी काच घेतली, खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला. मग मला विचारलं, "काल आत कोण आलं होतं?"

मी म्हणालो, "अण्णा आले होते. माझे वडील."

सरांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळं समजल्यासारखे हसून म्हणाले, "अरे, शेतातला माणूस. त्यांच्या पायांत, धोतरात कण असणारच. त्यांचा दोष नाही. तू आणायला नको होतंस."

काका म्हणाले, "बरोबर आहे सरांचं. आपण आपल्या घरातल्या पोरांना सुद्धा आणत नाही."

लाईनमननं माझ्याकडं बघितलं, मग पिंपाकडं बघितलं आणि बिडी ओढायला बाहेर गेला.

मी स्वतःच्या हातानं अण्णांच्या पायांवर पाणी ओतलं होतं, तरी मी तेव्हा म्हणालो, "हो सर, माझं चुकलं." का म्हणालो, याचं उत्तर माझ्याकडं आहे आणि ते मला आवडत नाही. सर म्हणाले म्हणून. सर म्हणतात ते बरोबर असतं, हे अठराव्या वर्षी माझ्यात बसलं होतं आणि ते मी कधी तपासून बघितलं नव्हतं.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. त्या आठवड्यात गावी गेलो. अण्णा ओसरीवर हरभरा निवडत बसले होते. मी चप्पल काढायच्या आधी म्हणालो, "अण्णा, तुम्ही त्या दिवशी आत आलात ना, त्यानं माझी काच गेली. चार महिन्यांचं काम."

त्यांनी सुपातून वर बघितलं. "म्या हात लावला न्हाय काचंला."

"हातानं नाही. पायांनी. मातीचा कण असतो."

"पाय धुतलं हुतं की."

"एक कण पुरतो, अण्णा. तुम्हाला नाही कळायचं ते."

त्यावर ते "आसंल," म्हणाले आणि परत हरभरा निवडायला लागले. आई आतून आली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मी चहा न पिता मोटारसायकलला किक मारली.

पुढच्या रविवारी राळेचा थर काढून नवा ओतायचा होता. काढता काढता तो कण मिळाला. राळेत अर्धा बुडालेला, मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक. ब्लेडच्या टोकानं उचलला, शाळेतून आणलेल्या भिंगाखाली ठेवला. काळ्या मातीचा कण मी आयुष्यभर बघत आलोय. तो असा चमकत नाही, त्याला अशा धारदार कडा नसतात. बाहेरच्या खोलीतून ऐंशी नंबरचा डबा आणला, त्यातला चिमूटभर शेजारी ठेवला. तेच होतं ते. निळसर चमक, तुटलेल्या काचेसारख्या कडा.

माझ्या बापाच्या शेतात कार्बोरंडम पिकत नाही.

लाईनमन मागं उभा होता. मी भिंग त्याच्या हातात दिलं. त्यानं बघितलं, परत दिलं आणि म्हणाला, "भाऊ, तुला सांगणार हुतो. तुझे वडील आलते त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सरांनी चावी मागितली हुती. कॉलेजचे पाहुणे आलते. म्या दार उघडून दिलं."

"आणि?"

"आणि काय. ऐंशी नंबर आत नेलं. आत पंखा हाय म्हणून."

मग त्यानं मोबाईल काढून मला व्हिडिओ दाखवला. कॉलेजच्या ग्रुपवर सरांनीच टाकलेला होता, लाईनमनच्या मेहुण्यानं त्याला पाठवला होता. आतल्या खोलीत, माझ्या टेबलावर, सर दोन जुन्या काचा ढकलत होते आणि चार-पाच माणसं बुटांसकट, मोबाईल धरून उभी होती. सर म्हणत होते, "आवाज ऐका, आवाज ऐका." ऐंशी नंबरचा आवाज खरंच मोठा असतो, खरखरीत, पाहुण्यांना आवडतो. बारीक पावडरीला आवाज नसतो, त्याचा व्हिडिओ काय करणार? शेवटी सरांनी खुंटीवरचा एक शर्ट घेऊन टेबल पुसलं. तो माझा शर्ट होता. त्या रविवारी तोच घालून मी पॉलिशला उभा राहिलो होतो.

मी लाईनमनला विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"सर हुते ना समोर."

त्याच्यावर मी ओरडणार होतो. ओरडलो नाही, कारण मीही हेच केलं होतं.

सर अकराला आले. मी त्यांना भिंग दिलं, कण दाखवला, व्हिडिओचं सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. थोडे लाल झाले. म्हणाले, "अरे, मी पुसलं होतं व्यवस्थित. माझ्या लक्षातच आलं नाही. काच काय, दोनशेवीस नंबरच्या पावडरपासून परत घास, मी मदत करतो."

"काचेचं राहू द्या सर. तुम्ही अण्णांचं नाव घेतलंत."

"मी दोष दिला नव्हता. मी स्पष्ट म्हणालो होतो की त्यांचा दोष नाही."

याच वाक्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग आहे. दोष नाही म्हणत म्हणत त्यांनी तो माझ्या बापाच्या पायांत ठेवला आणि वर मोठेपणा घेतला. शुक्रवारी आत चार-पाच माणसं बुटांसकट आली होती, ते त्यांना आठवलं नाही. शनिवारी पाय धुऊन आलेला एक शेतकरी तेवढा आठवला. कुणाचेही पाय बघून ठरवायचं की चूक कुणाची, हे फिजिक्स मला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं.

मी म्हणालो, "सर, तुम्ही हे तिघांसमोर बोलला होतात. आता त्याच तिघांसमोर सांगा की अण्णांनी काही केलं नाही."

काका तेवढ्यात आले होते. सरांनी त्यांच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "एवढं काय त्यात? म्हातारा माणूस, त्यांनी थोडंच मनावर घेतलंय."

"घेतलंय. कारण मी जाऊन त्यांना तोंडावर बोललोय."

काका मध्ये पडले. "जाऊ दे ना. तुझं खरं असेल, पण सरांशी असं बोलतात का? ज्यांनी तुला उभं केलं?"

मी काच धुतली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली, खालची काचही घेतली आणि पिशवीत घालून निघालो. सर दारापर्यंत आले. "राग शांत झाला की ये," म्हणाले. आजारी माणसाला बरा झालास की ये म्हणावं तसं.

तसाच गावी गेलो. अण्णा गोठ्यापुढं वैरण टाकत होते. मी सगळं सांगितलं, कण, व्हिडिओ, पंखा. म्हणालो, "तुमच्या पायांनी काही झालं नव्हतं, अण्णा. मी चुकलो."

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे. ते म्हणाले नाहीत. वैरणीचा पेंढा खाली टाकला आणि म्हणाले, "पानी कुनी वतलं हुतं माझ्या पायावर?"

"मी."

"मग तुला म्हाईत हुतं."

"हो."

"सरानं सांगितलं तवा इश्वास बसला. बापानं सांगितलं तवा न्हाय. लई शिकलास." मग पेंढा उचलून बैलापुढं टाकला आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

त्यांचा राग बरोबर होता, म्हणून मी तिथं उभा राहून तो ऐकला.

काच आता मी गावीच घासतो, पडवीत, दोनशेवीस नंबरपासून परत. दर शनिवारी संध्याकाळी येतो. अण्णा तिथून जातात, येतात, विचारत नाहीत.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. गाळ्यात माझ्याशिवाय करमत नाही म्हणाले, नवी राळ मागवली आहे म्हणाले. मी म्हणालो, "येतो सर. आधी माझ्या वडिलांना एक फोन लावा. दोन वाक्यं बोला. नंबर पाठवतो."

"बघू," म्हणाले.

नंबर पाठवला. दोन निळ्या खुणाही आल्या. त्याला आता महिना झाला. दर शनिवारी मी पडवीत काच मांडायच्या आधी अण्णांना विचारतो, "कुणाचा फोन आला होता का?"

गेल्या शनिवारी म्हणाले, "आलता की."

मी काच खाली ठेवली. "कुणाचा?"

"खतवाल्याचा. युरिया आलाय म्हनं."