कपाटावर प्रवेश बंद

माझ्या शुद्धलेखनाला कुणी हसू नये. शाळा चौथीत सुटली, आणि अक्षर असं की किराण्याची चिठ्ठी वाचून दुकानदार मलाच विचारतो, "ताई, हे हिंग की हळद?" पण ही वही माझी एकटीची आहे, म्हणून धीर करून लिहिते. ज्यांच्याबद्दल लिहायचंय, त्यांच्यासारखी बाई अख्ख्या गोरेगावात दुसरी नसेल. माणसं देवासाठी वेडी होतात, पैशासाठी होतात; या बाई विसरण्यासाठी वेड्या होत्या. मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायची. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, घरात एकट्या.

रोज सकाळी बाल्कनीत उभ्या राहून त्या "झुप, मेग, टोब, रीक" असं काहीतरी पाठ करत. वॉचमन मंत्र समजून खालून हात जोडायचा. मंत्र कसला! कुणी एक जर्मन माणूस म्हणे असे बिनअर्थाचे शब्द एकट्याने पाठ करायचा आणि ते डोक्यातून किती लवकर जातात ते बघायचा. बाईही बघत. दुसऱ्या दिवशी निम्मे आठवले नाहीत की आनंदाने ओरडत, "गेले गं, गेले!" मला वाटायचं पाहुणे गेले. एकदा मी भाजीत मीठ विसरले. दुसरीकडे कामावरून काढलं असतं. बाई म्हणाल्या, "मीठ टाकायच्या वेळी डोक्यात काय होतं?" मी लाजून म्हटलं, "काही नाही." "असं होत नाही. एक गोष्ट दुसरीला ढकलते. कुणी ढकललं मिठाला?" आणि ती अळणी भाजी त्यांनी चवीने खाल्ली.

मी पोळ्या लाटायची आणि त्या आपल्या शास्त्राची हकिगत सांगायच्या, नात्यातली भांडणं सांगावीत तशी. एका रशियन गृहस्थाने कुत्र्यांना घंटेची सवय लावली, हे ऐकवून त्या थांबल्या नाहीत. घंटा वाजवून सोसायटीच्या मांजरांना बांगड्याची डोकी घालू लागल्या. मांजरं शिकली, पण नको तेवढी. तळमजल्यावरच्या काकूंनी आरतीला घंटा हलवली की सगळी त्यांच्या देव्हाऱ्यापुढे हजर. काकू वर येऊन म्हणाल्या, "तुमच्या मांजरांना सांगा, प्रसाद साखरेचा असतो!" मग त्या शास्त्रात अमेरिकेतली माणसं आली म्हणे, ती म्हणाली मन दिसत नाही तर त्याबद्दल बोलायचंच नाही, फक्त सवयी मोजायच्या. माझ्या तोंडून निसटलं, "मग तुम्हाला पगार कशाचा मिळायचा, बाई?" बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "त्यांच्यानंतरचे येऊन हेच म्हणाले गं," त्या म्हणाल्या, "आणि मन परत आत घेतलं."

तेवढ्यात आमच्या ह्यांची कंबर गेली. हे चालवायचे ती रिक्षा ताडपत्रीखाली उभी, हे चटईवर आडवे, आणि घर पोळ्यांवर चालेना. मी ठरवलं, रिक्षा आपणच चालवायची. पण आधी लर्निंग लायसनची परीक्षा, आणि रस्त्यावरच्या खुणांची चित्रं बघितली की माझी गाळण उडायची. पहिल्यांदा नापास झाले. बाईंना कळलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्याच. "सगळ्यात जुना उपाय करू. ग्रीक लोक भाषण पाठ करताना मनातल्या मनात घरभर वस्तू ठेवायचे. खोलीखोलीतून फिरलं की सगळं आठवायचं. तुझ्याकडे खोल्या किती?"

"एक."

"आणि?"

"मोरी."

बाईंनी विचार केला. "भागेल."

त्या आमच्या घरी आल्या आणि हवेत पाट्या लावत फिरल्या. कपाटावर प्रवेश बंद. मोरीपाशी निसरडा रस्ता. गॅसवर थांबा. सासूबाईंच्या खाटेवर हॉर्न वाजवू नका. सासूबाई ताडकन उठून बसल्या. "काय लावताय माझ्या खाटेक?"

"काही नाही आजी, दिसत नाही ते."

"मग तर आधी काढा!"

मी रोज भांडी घासता घासता मनात घरभर हिंडू लागले. सगळं पक्कं झालं. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी, ह्यांना पाय पसरायला जागा व्हावी म्हणून माझ्या दिराने कपाट उचलून मोरीपाशी ठेवलं आणि खाट कपाटाच्या जागी. मी बाजारातून आले आणि दारातच बसले. निसरड्या रस्त्यावर प्रवेश बंद, आणि प्रवेश बंदच्या जागी सासूबाई!

सकाळी धावत बाईंकडे गेले. "बाई, वाट लागली. कपाट हलवलं."

बाईंचे डोळे चमकले. "अगं, म्हणजे नवं जुन्याला ढकलतंय! हे तर..." मग माझ्याकडे बघितलं आणि उठल्या. पाणी आणून दिलं. हळूच म्हणाल्या, "कपाट घरातलं हललं ना? तुझ्या डोक्यातलं कुणी उचललं?"

परीक्षेत मी डोळे मिटले. कपाट जुन्या भिंतीशी होतं. "झोपलात काय, मावशी?" तिथला माणूस म्हणाला. म्हटलं, "नाही हो, घरात बघून येते." पास झाले. मग पक्कं लायसन, मग रिक्षावाल्याचा बॅज.

पहिली सवारी बाईंची. आरे कॉलनीतून नेलं. एरवी अखंड बोलणाऱ्या बाई वाटभर माझ्या हातांकडे बघत होत्या. तबेल्यांच्या पुढे रस्ता मोकळा होता, तिथे म्हणाल्या, "थांबव जरा." मला वाटलं, गरगरलं. त्या म्हणाल्या, "माणूस कसा शिकतो, ते जन्मभर शिकवलं. मला साधी सायकलही आली नाही गं. पडेन म्हणून कधी बसलेच नाही."

मी इंजिन बंद केलं, चावी काढून घेतली आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांचे हात हँडलवर ठेवले. बोटं घट्ट बसली. मी मागे जाऊन बसले आणि सवारीसारखं विचारलं, "काय हो, बोरिवली?"

बाईंनी मान वळवली नाही. "नाय जाणार," अस्सल रिक्षावाल्यासारखं म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो. मग बाई तशाच समोर रस्त्याकडे बघत बसल्या. ऊन उतरलं, म्हशी परतू लागल्या. चला असं काही मला म्हणवेना.