दिगूसाठी चौकोन

डोळे मिटतात न मिटतात तोच माऊसवरचा हात जड होतो. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, बाहेर अकोटची दुपार. पडद्यावर माझा धाकटा भाऊ दिगू. उद्या त्याची तेरवी. चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच करायचा, कारण गावभरच्या मेलेल्यांना गोलात बसवणारी मीच. त्याच्या चेहऱ्याभोवती मी आकार ओढायला घेते. शिफ्ट दाबून धरलं की अचूक गोल येतो. दिगूला हे किती वेळा शिकवलं, पण त्याचे गोल शेवटपर्यंत बटाट्यासारखेच.

"गोल नको काढू वं ताई."

दिगू बाजूच्या स्टुलावर बसला आहे. शर्ट ओला. मला भीती वाटत नाही, राग येतो.

"काहून? साऱ्यायचे गोलच असतात."

"मी गोलातच हाय ना."

पडद्याच्या जागी शेतातली विहीर आहे, त्याला जिच्यातून काढलं तीच. मी काठावर, हातात माऊस. तो खूप खाली, तोंड वर करून बघतोय.

मला एकच विचारायचं आहे. सोयरीक मोडली म्हणून पोरानं उडी घेतली, असं गाव म्हणतं. मोटर पाहायला गेला आणि पाय घसरला, असं आम्ही सांगतो. खरं कोणालाच ठाऊक नाही. बाबा ताटावर बसतात आणि तसेच उठतात.

"दिगू, खरं सांग. उडी घेतली का तू?"

"चौकोन काढ."

"आधी सांग!"

"काढ ना वं. उभा, लांबडा."

मेला तरी हट्ट गेला नाही. मी उभा चौकोन ओढते. तो विहिरीच्या भिंतीला जाऊन टेकतो.

"आता त्याच्या बाजूले अजून एक. अन् मधात आडवे, बारके बारके."

मग माझ्या लक्षात येतं, ही शिडी आहे. हात भराभर चालू लागतो. एक आडवा चौकोन काढायचा, त्याची कॉपी, खाली सरकव. पुन्हा कॉपी, पुन्हा खाली. मी काढते तशी विहीर खोल होत जाते.

"पाय ठेवाले जागा नाही वं, सारं शेवाळ हाय. लवकर कर."

"आलीच रे. धरून राह्य."

त्याची बोटं शेवटच्या पायरीला लागतात आणि सुटतात. पाणी हनुवटीला आलेलं. "अजून एक," तो म्हणतो. "एकच." मी माऊस खाली ओढते, पण खाली टेबलच उरलेलं नाही.

यूपीएस किंचाळतो. लाईट गेली आहे. माझा गाल टेबलावर, हात माऊसवरच. पडद्यावर दिगूचा फोटो, आणि त्याच्या खाली दोन लांब चौकोन. मध्ये वाकड्यातिकड्या पायऱ्या. शेवटची पानाच्या कडेला अडकून अर्धीच राहिली आहे. हे मीच काढलंय, झोपेत.

मी बाबांना फोन लावते.

"बाबा, दिगूनं उडी नाही घेतली. त्याले वर यायचं होतं."

मला वाटतं, आता तरी ते जेवतील.

"मंग त्यानं आवाज देल्ला असन," ते म्हणतात. "कोणालेच कसा नाही आयकू आला?"