अंतराळातली शालूबाई

कुपवाडला नटबोल्टाच्या एका कारखान्यात लालासाहेब गेटवर वॉचमन आहेत. फौजेतून हवालदार होऊन परत आले. बंदूक तिकडं जमा केली, मिशी तेवढी घरी आणली. पण कारखान्यात त्यांना मान आहे तो मिशीमुळं नाही. 'अखेरचा ग्रह' नावाच्या इंग्रजी पिक्चरमुळं आहे.

हे नाव पहिल्याच भागाचं. त्यानंतर पंचवीस वर्षांत आणखी सात अखेरचे ग्रह येऊन गेले. पिक्चरवाल्यांना मोजदाद जमत नसावी, धंदा जमतो.

पहिला भाग लालासाहेबांनी अंबाल्याच्या छावणीत बघितला. इंग्रजीचं एक अक्षर कळलं नाही, त्यामुळं गोष्ट लय चांगली कळली. कॅप्टन आकाशात का हिंडतोय हे पडद्यावर कुणी नीट सांगेना, तेव्हा कारण त्यांनीच काढलं. शेजारच्या ग्रहवाल्यानं बांध कोरला होता. कॅप्टनला आई पाहिजे, म्हणून शालूबाई आली. भाकरी झाकून ती पृथ्वीवर वाट बघत बसली, ती आठ भाग बसली. चौथ्या भागाला लालासाहेब थेटरात झोपले होते. सहावा नुसता पोस्टरवर बघितला. सांगताना तेच दोन सगळ्यात रंगले.

जेवणाच्या सुट्टीत गेटजवळच्या लिंबाखाली डबे उघडले की गोष्ट सुरू. बारा वर्षं हेच. कारखान्यातल्या एकाही माणसानं पिक्चर बघितला नव्हता. कशाला बघतील? डब्याबरोबर मिळत होता.

यंदा नववा भाग आला. हाच शेवटचा, असं पिक्चरवाल्यांनी शपथेवर सांगितलं, आणि लेथवरच्या कल्लाप्पाच्या डोक्यात किडा वळवळला.

"रविवारी सगळीच जाऊ की सांगलीला. हिंदीत हाय. हवालदार किती खरं बोलत्यात तेबी कळंल."

पॅकिंगमधली क्रांती म्हणाली, "मला तेवढी शालूबाई बघायची हाय. लय सोसलंय बाईनं."

लालासाहेबांनी अर्ध्या डब्यावर झाकण लावलं. "गर्दी असंल," ते म्हणाले. "मोबाइलवर ईलच की."

"न्हाई ओ. शेवट हाय, मोठ्या पडद्यावरच बघायचा."

बारा वर्षांची थाप एका रविवारात उघडी पडणार होती. कंबर दुखते म्हणून त्यांनी बायकोला सांगून बघितलं. "बसायला जायाचंय, नांगराय न्हाई," राजेश्वरी म्हणाली आणि शर्टाला इस्त्री केली.

रविवारी बावीस माणसं विश्रामबागेच्या थेटरात ओळीनं बसली. अडीच तास यानं फुटली. कॅप्टन पार म्हातारा, केस तेवढे काळे. दर दहा मिनिटांनी जुन्या भागातलं कुणीतरी यायचं, गळाभेट घ्यायचं आणि मरायचं. पिक्चर वाईट नव्हता, वाईट व्हायला पण अंगात रग लागते. लग्नातल्या शेवटच्या पंगतीची आमटी असते तसा होता. मसाला तोच, वर पाणी. शेवटी कॅप्टननं एक बटण दाबलं, विश्व वाचलं, दिवे लागले.

शालूबाई आली नाही. बांधाचं नाव नाही.

बाहेर सगळ्यांनी गाड्या काढल्या. लालासाहेबांचा हात मिशीपर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

सोमवारी सुट्टीत ते डबा घेऊन केबिनमध्येच बसले. थोड्या वेळानं दारात सगळी उभी राहिली, कल्लाप्पा पुढं.

"हवालदार, म्हातारी कुठं हाय?"

लालासाहेबांनी रात्रीच ठरवलं होतं, एकदा काय ते सांगून मोकळं व्हायचं. "कल्लाप्पा, खरं सांगायचं तर शालूबाई..."

"कापली," कल्लाप्पा म्हणाला. "कळलं आमाला. एवढी मोठी कंपनी, आन् म्हातारीचं काम जड झालं. बांधाचा सीनबी कापला. आपली गोष्ट पार नासवली बघा."

"भाकरी झाकल्याली तशीच ऱ्हायली की वो," क्रांती म्हणाली. "असा कुठं शेवट असतोय? तुमी सांगा नीट."

खरं बोलायची तयारी करून आलेला माणूस, पण गिऱ्हाईकच नव्हतं. लालासाहेबांनी डबा उचलला, लिंबाखाली येऊन मांडी घातली.

"कॅप्टननं यान उतरवलं ते थेट बांधावर," ते म्हणाले. "शालूबाई उठली, पदर खोचला आन् म्हणाली, 'नऊ येळा गेलास. बांध एक तरी सरळ झाला व्हय रं?'"

"रास्त बोलली," कल्लाप्पा म्हणाला आणि ठेच्याकडं हात लांबवला.