पॅसेजच्या तोंडाशी चपला

मला नसत्या चौकशा फार. २०१६ साली डहाणू स्टेशनजवळच्या कॉम्प्लेक्समध्ये झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि पहिल्याच आठवड्यात डोक्यात भुंगा शिरला. दोन विंगांमधल्या पॅसेजच्या तोंडाशी लोक चपला का काढतात? आत ना देव, ना दवाखाना. नुसती फरशी, जिना आणि दुपारचा खारा वारा. तरी कचेरीच्या कामाला आलेल्या पाड्यांवरच्या बाया चपला ओळीनं काढून आत बसायच्या, भाकरी सोडायच्या, एसटी येईपर्यंत लेकरं निजवायच्या. रस्त्यापलीकडची नवी बाकं मात्र ऊन खात पडलेली.

कॉम्प्लेक्स झाडायला बायजी होती, वाणगावकडची, पन्नाशीची. सकाळी एकदा झाडायची, संध्याकाळी एकदा. मधे घरी जाऊन येणं जमत नसे, म्हणून दुपारभर पॅसेजमध्येच. बाकी इमारतीला ती पोचा मारायची. इथली फरशी मात्र उकिडवी बसून, हातानं पुसायची.

"इथंच हातानं का गं?"

"इथं जेवते ना मी, ताई."

"आणि चपला काढायला तूच सांगतेस सगळ्यांना?"

"मी कोणाला सांगू? मी माझ्या काढते. बाकीचे बघतात नि काढतात."

एवढंच! दोन वर्षं मी उगाच डोकं खाजवत होते.

पण मालक भाविकशेठना ते खुपत होतं. "धर्मशाळा करून टाकली. शुक्रवारी जाळी नि कुलूप," ते म्हणाले.

"मग दुपारी मी कुठं बसू, ताई?" बायजीनं मला विचारलं. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी शेठ जाळीवाल्याला घेऊन आले. फरशी नुकतीच पुसलेली. जाळीवाल्यानं तोंडाशी चपला काढल्या.

"अरे, माप घ्यायला आलास की पूजेला?" शेठ आतून खेकसले.

त्यानं नुसतं खाली बघितलं. त्याच्या चपलांशेजारी शेठचे सँडल होते, नीट जोडून ठेवलेले.

शेठनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. आम्ही कोणीच हसलो नाही. बायजी जिन्याखाली गेली, माठातून तांब्या भरून आली.

"पाणी घ्या, शेठ."

घरी आलेल्याला देतात तसं. शेठ पायरीवर टेकले, सगळं पाणी प्यायले.

"माठ जमिनीवर का ठेवलाय?" ते जाळीवाल्याकडे वळले. "जाळी राहू दे. तिवईचं माप घे."